लीदियाचं वर्षवचन

लीदियानं चिठ्ठीचा दोरा दातानं तोडला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तिच्या आधी चौघांनी तेच केलं होतं. वत्सलाबाई मकासरे तर भर उपासनेत कात्री मागत होत्या.

माझी गाठ दातानं तोडावी लागत नाही. एक टोक ओढलं की ती सुटते. म्हाताऱ्या माणसांची मंडळी, त्यांची बोटं थरथरतात, म्हणून मी मुद्दाम तशी गाठ मारायचे. सहा वर्षं आमच्या पाथरवाडीच्या ख्रिस्ती मंडळीतल्या वर्षवचनांच्या चिठ्ठ्या मीच लिहीत होते, मीच गुंडाळत होते आणि पांढऱ्या दोऱ्यानं मीच बांधत होते. मग माझ्या गाठी अशा घट्ट कुणी केल्या?

आमच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत पाळकसाहेब वेताची टोपली घेऊन पुढे उभे राहतात. प्रत्येक घरातला एकजण जाऊन चिठ्ठी उचलतो, तिथंच मोठ्यानं वाचतो आणि सगळे आमेन म्हणतात. पवित्र शास्त्रातलं जे वचन हाती येईल, ते त्या घराचं वर्षभराचं वचन. लोक ते दारामागे चिकटवतात. त्याच्या भरवशावर दुकान टाकतात, सोयरीक जमवतात, नाहीतर मोडतात. ही काही सोडत नाही, असं पाळकसाहेब दर वर्षी बजावायचे. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन हवं तेच करायचे.

१९८९ चा पहिला दिवस रविवारीच आला होता. त्या दिवशी टोपलीतून जरा कडकच वचनं निघत होती. वत्सलाबाईंना मेंढरांच्या वेषातले लांडगे आले, तशा त्या शेजारी बसलेल्या जावेकडे बघायला लागल्या. कुणाला 'जागे राहा' आलं, कुणाला 'पारखून घ्या' आलं. आमेन हळूहळू बारीक होत चाललं होतं. तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीची पाळी आली.

लीदियानं चिठ्ठी उलगडली आणि वाचलं, "मागच्या गोष्टी आठवत बसू नका. पाहा, मी एक नवी गोष्ट करतो."

असं आमेन आमच्या देवळात मी पूर्वी ऐकलं नव्हतं. बायका डोळे पुसायला लागल्या. पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकावर शांतवन वैरागर मान खाली घालून बसला होता, त्याच्या पाठीवर दोघांनी थाप मारली. मी मात्र पुतळ्यासारखी उभी होते. कारण ते वचन त्या टोपलीत नव्हतं. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार?

शांतवन म्हणजे लीदियाचा नवरा. कारखान्यावर ट्रक चालवायचा आणि गाडीत डिझेल कमी, स्वतःत दारू जास्त भरायचा. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यानं तिला ओट्यावरून ढकललं. डावं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. मी तिला घेऊन आले ती कायमची. मी शाळेत शिकवायचे, ती शिलाई मशीन चालवायची. आमचं छान चाललं होतं, निदान माझं तरी. मग दिवाळीच्या सुट्टीत विश्वास नव्यानं जागवायच्या उज्जीवन सभा झाल्या, त्यात शांतवन पुढे गेला, रडला, दारू सोडली म्हणाला. तेव्हापासून दर आठवड्याला उपासनेत उभं राहून त्याची साक्ष. मी नवा माणूस झालो, मी नवा माणूस झालो. मंडळीला पाझर फुटला. मला काही फुटला नाही.

लीदियानं नाताळाच्या आधी जाहीर केलं होतं, "यंदा माझी चिठ्ठी वेगळी लिही, आक्का. त्यात जे येईल तसं मी करीन." जायचं की नाही याचा फैसला तिनं त्या चिठ्ठीवर सोडला होता, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

उपासना संपल्यावर टोपली आवरायला मी मागे थांबले. तळाशी एक चिठ्ठी उरली होती. त्र्याऐंशी घरं आणि लीदिया, अशा मोजून चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. चौऱ्याऐंशी जणांनी उचलल्या. मग ही कुठून उरली? म्हणजे बाहेरून एक आत आली होती.

घरी आल्यावर मी तिच्यापुढे हात पसरला. "बघू ती चिठ्ठी."

"कशाला?"

"देवाचं अक्षर बघायचंय."

तिनं निमूटपणे दिली. कागद माझ्याच वहीचा, शाई माझीच, आणि अक्षरही माझंच. 'ठ'चं पोट मी जरा मोठं काढते, तेही तसंच होतं. अर्थात त्यावरून काही ठरत नव्हतं. गावातल्या पंचविशीच्या आतल्या सगळ्यांना मीच गिरवायला लावलेलं, निम्मं गाव माझ्यासारखंच लिहितं.

"पुढच्या रविवारी जाईन म्हणते," लीदिया म्हणाली. "उपासना झाली की तो न्यायला येईल."

माझ्या हातात सात दिवस होते.

माझा पहिला संशय पाळकसाहेबांवर गेला. एकतीस तारखेला टोपली मी त्यांच्याकडे पोचती केली होती, म्हणजे रात्रभर ती त्यांच्या घरी होती. शिवाय लीदिया पुढे गेली तेव्हा त्यांनी टोपली तिच्याकडे किंचित कलती केली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मोडलेले संसार जोडायचा त्यांना भारी सोस. त्रिभुवन पाळक म्हणजे साधा, सायकलवरून फिरणारा माणूस, पण साधी माणसंच चांगल्या कामासाठी बिनदिक्कत लबाडी करतात असं माझं तेव्हा पक्कं मत होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या अंगणात गेले. ते सायकल उलटी करून पंक्चर काढत बसले होते.

"सलाम, बाई. या."

"सलाम. पाळकसाहेब, लीदियाला आलेली चिठ्ठी माझी नाही. कुणीतरी टोपलीत घुसडली आहे. गाठीसुद्धा बदलल्यात."

"असं?" त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली. "कशावरून म्हणता?"

"ते वचन मी लिहिलंच नव्हतं."

त्यांनी हात पुसले, आत गेले आणि एक कागद घेऊन आले. मला त्यांनी वचनांची जी यादी दिली होती तिची ती कार्बन नक्कल होती.

"एकतिसावं बघा," ते म्हणाले.

मी पाहिलं. तेच होतं.

"यंदा मी नवेपणावर चौदा वचनं दिली होती," पाळकसाहेब शांतपणे म्हणाले. "दगडाच्या जागी नवं काळीज. वाळलेल्या हाडांत येणारा श्वास. दर सकाळी नवी होणारी दया. टोळांनी खाल्लेली वर्षं भरून मिळतील ते. लोक थकलेत, बाई, कारखाना दोन वर्षं धड चालला नाही, म्हटलं जरा धीर येईल. काल मी ऐकत होतो. चौदातलं एकच वाचलं गेलं. त्या एका चिठ्ठीचं तुम्हाला नवल वाटतंय. मला बाकीच्या तेरांचं वाटतंय. ती कुठे गेली?"

मी कागद त्यांना परत दिला.

खरं तेच सांगते. नाताळाच्या आठवड्यात मी लिहायला बसले आणि त्या यादीतल्या पहिल्याच नवेपणाच्या वचनाशी माझा हात अडला. हेच लीदियाच्या हाती लागलं तर? चौदांपैकी कुठलंही निघालं तरी तिनं बोचकं बांधलं असतं. मी चौदाही गाळली. त्यांच्या जागी सावध राहा, पारखा, फसू नका अशी चौदा शोधून घातली. ती काही मी पदरची रचली नव्हती, तीही शास्त्रातलीच. मी स्वतःची अशी समजूत घातली होती. पाळकसाहेब कान लावून बसतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"शांतवनचं मन मला दिसत नाही," ते म्हणाले. "तो पुन्हा पिणार नाही, असं मी कुणाला लिहून देणार नाही. पण लोकांना धीर देणारं वचन आपण कापून टाकायचं, हे मला कळत नाही. मी मंडळीत बोलणार नाही. बहिणीला तुम्हीच सांगा."

"आणि टोपली तुम्ही कलती केलीत ती?"

"तिचं मनगट वाकडं आहे ना," ते म्हणाले आणि पुन्हा पंक्चरकडे वळले.

मी बहिणीला काही सांगितलं नाही. उलट मला चेव चढला. पाळकांनी नाही, तर मग त्यानंच. गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कारखान्यावर गेले. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. शांतवन आपल्या ट्रकची काच पुसत होता. मला पाहून त्यानं फडकं खाली ठेवलं.

"सलाम, आक्का. घरी समदं बरं हाये ना?"

"चिठ्ठी तू घुसडलीस?"

"कसली चिठ्ठी?"

"वेड पांघरू नकोस. लीदियाची."

तो कसनुसं हसला. "मला सहीबिगर काय लिव्हता येतं, आक्का?"

"मग कुणाकडून लिहून घेतलीस?"

"तुमी म्हणता तर घेतली समजा." तो ट्रकच्या पायरीवर टेकला. "पर त्या चिठ्ठीपासून माझा डोळ्याला डोळा न्हाई."

"का? आनंद नाही झाला?"

"भ्या वाटलं. देव म्हणतोय नवी गोष्ट करतो. मंडळी म्हणती, शांतवन नवा झाला. गळ्यात पडत्यात, च्या पाजत्यात. आन् मी सकाळी उठलो की आधी बघतो, कालचाच माणूस हाये का दुसरा कोन. तहान तीच हाये, आक्का. घोटभरसुदिक कमी न्हाई."

"मग दर रविवारी उभा राहून साक्ष कसली देतोस?"

"ह्ये सांगितलं तर आमेन कोन म्हणंल?"

माझा विश्वास बसला नाही. दारुड्यांना गरीब चेहरा करणं फार छान जमतं, तीन वर्षांपूर्वीही त्यानं दवाखान्याच्या दारात असाच केला होता. मी तशीच घरी परतले.

शनिवारी संध्याकाळी लीदिया कपडे घड्या करून ट्रंकेत भरत होती. मशीनवर तिनं चादर बांधली होती. आता नाही बोललं तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"लीदिया, ती चिठ्ठी खोटी आहे. देवानं वगैरे दिलेली नाही. कुणीतरी तुला फसवतंय."

तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"खोटी आहे ते. मीच लिहिली, तुझं अक्षर गिरवून."

मी खाटेवर बसले.

"तीस तारखेला तू बाजारात गेलीस तेव्हा फळीवरून टोपली काढली," ती म्हणाली. "एकेक करून सगळ्या उघडल्या. मला फक्त बघायचं होतं, माझ्या वाट्याला काय काय येऊ शकतं. चौऱ्याऐंशी चिठ्ठ्यांत मला घराबाहेर काढील असं एक वचन नव्हतं. मग तुझ्या शास्त्रात ठेवलेली यादी पाहिली. चौदांवर तू फुल्या मारल्या होत्यास."

"म्हणून तू..."

"परत बांधताना तुझी गाठ काही जमली नाही या हातानं. जशी आली तशी मारली. आणि माझी चिठ्ठी मुठीत धरून गेले."

मला तिचा राग यायला हवा होता. आलाही. "देवाच्या नावावर खोटं बोललीस! सरळ सांगायचंस मला, जाते म्हणून."

तेव्हा कुठे तिनं घडी खाली ठेवली. "किती वेळा सांगितलं, आक्का? गेल्या वर्षी दोनदा सांगितलं. सभा झाल्यावर सांगितलं. दर वेळी तू काय करायचीस? माझा हात उचलून मलाच दाखवायचीस. त्यानं तो एकदा मोडला. तुझ्या घरात तो रोज मोडतो."

माझी नजर तिच्या मनगटावर गेली.

"तुझ्यापुढे माझं चालत नाही. म्हटलं, देवाचं तरी चालेल. तर तू त्यालाही बोलू दिलं नाहीस."

"तो नवा झालाय असं वाटतं तुला?" मी विचारलं.

"नाही वाटत. म्हणजे ठाऊक नाही. ते वचन मी त्याच्यासाठी लिहिलंच नव्हतं." ती माझ्या शेजारी येऊन बसली. "मला अडतिसावं लागलंय. मागच्याच गोष्टी आठवत बसायचं ठरवलं तर या खोलीत, या मशीनवर मी अजून तीस वर्षं काढीन आणि सगळे म्हणतील, बिचारी. मला बिचारी राहायचं नाही. तो सुधारला तर बरंच आहे. नाही सुधारला तर परत येईन. पण आपल्या पायांनी गेले तरच आपल्या पायांनी येता येईल ना?"

मला माझी लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. सोमवारी शाळेतून आल्यावर या घरात मशीनचा आवाज नसेल. त्या चौदा वचनांवर फुल्या मारताना मी शांतवनला घाबरले होते, असं मी स्वतःला सांगत आले होते. मी या सोमवारला घाबरले होते. ते मी लीदियाला सांगितलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसून राहिली.

रविवारी उपासनेनंतर शांतवन टेम्पो घेऊन आला. मशीन चढवली, ट्रंक चढवली. लीदिया पुढे बसली. तो मात्र फाटकाशी घुटमळत होता.

"आक्का, एक मागायचं हुतं."

मी म्हटलं, आली वेळ. आता माफी मागेल, पाया पडेल, सगळ्यांसमोर रडेल.

"तुमी माझ्यावर इस्वास ठेवू नका," तो म्हणाला. "शनिवारी बाजार उरकला की डायवर लोक बसत्यात. मला लई जड जातं. तुमी शनिवारी येत जावा. माझ्या तोंडाचा वास घेत जावा. दुसरं कोन घेणार न्हाई. समद्यांनी आमेन म्हणून टाकलंय."

ही नवी चाल असावी असंच मला वाटलं. पण आमंत्रण मिळालेलं संशयी माणूस सोडत नाही. मी जायला लागले. दर शनिवारी सहाच्या सुमारास मी त्यांच्या दारात उभी राहायचे, तो बाहेर येऊन शाळेतल्या पोरासारखा आ करायचा, आणि मी नाक पुढे करायचे. शेजाऱ्यांची करमणूक व्हायची. लीदिया आतून ओरडायची, "झाली का तपासणी? चहा घ्या आता." चहा पिता पिता मी घरभर नजर फिरवायचे. तिचे हात बघायचे, गळा बघायचे. काही सापडायचं नाही. ती जाडही झाली होती थोडी. तरी पुढच्या शनिवारी मी पुन्हा तितक्याच संशयानं जायचे.

असं दीड वर्ष गेलं. एका बुधवारी मी शाळेतून आले तर शांतवन माझ्या पायरीवर बसला होता. ट्रक कुठे दिसत नव्हता.

"आज शनिवार न्हाई, म्हाईत हाये मला," तो म्हणाला.

आणि त्यानं आ केला.

वास दोन हातांवरूनच आला. दीड वर्ष मी या वासाची वाट पाहत होते, हे आज सांगतानाही कसंतरी होतं. काय काय बोलायचं ते माझं केव्हाचं तयार होतं. 'मला ठाऊकच होतं' इथून सुरुवात होती. पण त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. मला रडूच फुटलं. भर दुपारी, अंगणात, हातात शाळेच्या वह्या घेऊन मी पोरीसारखी रडत उभी राहिले. तो पडला याचं मला इतकं वाईट वाटेल, हे मला माहीतच नव्हतं.

शांतवन घाबरून उठला. "आक्का, रडू नका. मला बोला. शिव्या घाला."

"लीदियाला ठाऊक आहे?"

"न्हाई."

"मारलंस तिला?"

"घरी गेलोच न्हाई. गुत्त्यातनं उठलो त्यो थेट हितं आलो."

"पाळकसाहेबांकडे का नाही गेलास? ते चार शब्द चांगले बोलले असते."

त्यानं मान खाली घातली. "तितं नवं तोंड घिऊन जावं लागतं, आक्का. तुमी मला नवा कदी म्हणलाच न्हाई. तुमच्याकडं ह्येच घिऊन येता येतं."

मी वह्या पायरीवर ठेवल्या. रांजणातलं पाणी काढून त्याच्या हातावर ओतलं, त्यानं तोंड धुतलं, चूळ भरली. मग मी त्याचा दंड धरला आणि आम्ही दोघं गावातून चालत निघालो. तो झोकांड्या देत होता. चावडीपाशी बसलेले लोक बघायला लागले. वत्सलाबाई तर ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. मी कुणाला काही सांगितलं नाही, आणि त्याचा दंडही सोडला नाही.

लीदिया दारातच होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मग ती माझ्याकडे बघत राहिली, मी आता काय बोलते म्हणून.

"त्याला खाट घाल," मी म्हणाले. "आणि मलाही एक चादर दे. सकाळी याला कामावर पाठवून मगच मी शाळेत जाईन."